खाज कुठंय ते आधी सांगा

आमच्या मालकांना ‘खाज’ या शब्दाची लाज वाटत नसे. बाकी सगळ्या सोलापूरला वाटायची. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन दोन मिनिटं उगाच खोकल्याच्या बाटल्या बघत उभं राहायचं, ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून काउंटरवर वाकायचं आणि ओठ न हलवता म्हणायचं, “एक क्रीम द्या की. ते आपलं, हे...” मालकांना कानानं जरा कमी ऐकू यायचं. ते खुर्चीतूनच विचारायचे, “खाज कुठंय ते आधी सांगा.” आवाज असा, की समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं माना वळवायची. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच पसार व्हायची.

उरलेली निम्मी बरी व्हायची, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांच्या औषधाच्या दुकानात मी सहा वर्षं काम केलं. आता ते दुकान नाही, मालकही नाहीत. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या एका गल्लीच्या तोंडाशी ते होतं आणि दिवसभर मागांचा खडखडाट कानावर पडायचा. माझा फार्मसीचा डिप्लोमा लग्नाआधीचा. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी तो कपाटातून काढला आणि नोकरी शोधायला निघाले. मालकांनी मला का ठेवलं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “बायका माझ्याशी बोलत न्हाईत ओ बाई. मी विचारलं की पळून जातात. तुमी विचारा. पण न विचारता ट्यूब द्यायची न्हाई.”

सत्तरीला टेकलेले, कपाळावर विभूती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला निळं बॉलपेन. त्या पेनानं ते हिशेब कमी आणि माणसं जास्त लिहायचे. नायटा दिसला की पेनाचं टोक स्पिरिटनं पुसायचे आणि डागाच्या कडेकडेनं थेट कातडीवर रेघ मारायचे. “आठ दिवसांनी दाखवायला या. रेघ पुसली तर घरी परत मारा. डाग आत आटला तर तुमी जिंकला. रेघ ओलांडून बाहेर आला तर माझं औषध चुकलं, मग डॉक्टरकडं जायाचं, माझ्याकडं न्हाई.” शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायका दंडावर ते निळं गोल घेऊन फिरायच्या. रिक्षाच्या थांब्यावर एकीला दुसरीचं गोल दिसलं की दोघी हसायच्या आणि काही न बोलता पदर ओढून घ्यायच्या.

त्यांचे प्रश्न तीन. कुठं हाय, कधीपासनं हाय, घरात अजून कोणाला हाय. केसात किंवा नखात असेल तर ते ट्यूब द्यायचेच नाहीत, म्हणायचे, “तितं क्रीम पोचत न्हाई, गोळ्या लागतात, डॉक्टर बघा.” गरोदर बाई असली, तान्हं मूल असलं, तरी तेच. बाकीच्यांना ट्यूब मिळायची, पण ती खिशात टाकून घरी जाता यायचं नाही. तिथंच झाकण उघडायचं, बोटाच्या पहिल्या पेरावर औषध काढायचं. जास्त आलं की मालक ओरडायचे, “साकु, साकु.” कानडीत साकु म्हणजे पुरे. “भाकरीला लोणी लावताय का? आधी धुवायचं, मग कोरडं करायचं, मग पातळ थर, डागाच्या बाहेर दोन बोटं. सकाळ-संध्याकाळ. मग हात धुवायचे. म्हणून दाखवा.” आणि माणूस म्हणून दाखवायचा. एका रिटायर हेडमास्तरांना त्यांनी असंच सगळं म्हणायला लावलं होतं आणि शेवटचं ‘हात धुवायचे’ राहिलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. हेडमास्तर लालबुंद झाले, पण त्यांनी म्हटलं.

“खाज गेली की औषध बंद करू नका,” हे त्यांचं शेवटचं वाक्य. “खाज गेली म्हणजे तो गेला न्हाई, झोपलाय. डाग गेल्यावर अजून दोन आठवडे लावायचं.” हे ऐकून बहुतेक लोक मान हलवायचे आणि चौथ्या दिवशी बंद करायचे.

एकदा वैरागचा एक तरुण आला. कमरेभोवती गोलच्या गोल चट्टा, तीनदा बरा होऊन तीनदा परतलेला. मालकांनी त्याला पडद्यामागच्या स्टुलावर बसवून शर्ट वर करायला लावला. कमरेला काळा करदोडा, घामानं ओला. “हा सोडा,” मालक म्हणाले. तो म्हणाला, “न्हाय ओ, आईनं बांधलाय, सोडत नसतेत.” मालक म्हणाले, “तुमच्या आईनं तुमाला बांधलाय, बुरशीला न्हाई.” शेवटी तह असा झाला, की रोज आंघोळीनंतर करदोडा सोडायचा, साबणानं धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि मग बांधायचा. आई काही बोलली तर तिला दुकानात पाठवायचं. पंधरा दिवसांनी आई खरोखरच आली. तासभर मालकांशी भांडली आणि जाताना आपल्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दाखवून ट्यूब घेऊन गेली.

टॉवेलवर मात्र त्यांचा खरा राग. “सगळ्या देशाला टॉवेल पुरवणारं गाव हाय आपलं,” ते म्हणायचे, “आणि घरात सात माणसांत एक.” हे खरं होतं. आमच्या गल्लीत घराघरात माग. चांगला माल गठ्ठे बांधून बाहेर जायचा आणि काठ फाटलेला, धागा निसटलेला एखादा तुकडा घरात राहायचा. तो दाराच्या खिळ्यावर टांगलेला असायचा. सकाळी सासरा पुसायचा, मग मुलगा, मग सून, मग पोरं. टॉवेल दिवसभर ओला आणि घरभर नायटा. मालक गिऱ्हाइकाला घरातल्या माणसांइतकेच घरातले टॉवेल मोजायला लावायचे. लोकांना हा म्हातारा चक्रम वाटायचा. खरं सांगायचं तर मलाही वाटायचा.

आणि एक पत्र्याचा डबा. तो काउंटरच्या डाव्या अंगाला असायचा. कोणी तीन औषधांची ट्यूब दाखवायला घेऊन आलं की मालक ती घेऊन सरळ डब्यात टाकायचे. ही ट्यूब सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि शिवाय स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत बंद पडते. कातडी गोरीगोमटी दिसते. आत बुरशी मजेत पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते. आमच्या दुकानात मालक चिठ्ठी असली तरी ठेवत नसत. मी एकदा विचारलं, एवढा राग का? ते म्हणाले, “खाज थांबली की माणूस खूश होतो आणि पुन्हा येतो. ह्यात बुरशीचा फायदा, दुकानदाराचा पण फायदा. तोटा कोणाचा ते तुमी सांगा.”

मी सांगितलं नाही. मला तेव्हा दुसरंच सुचत होतं. मला लोकांनी चांगलं म्हटलेलं आवडायचं, आजही आवडतं. गल्लीतल्या बायका मालकांना ‘तो म्हातारा’ म्हणायच्या आणि मला ‘मॅडम’. मालक जेवायला घरी गेले की दुकानात गर्दी व्हायची, आणि ती माझ्यासाठी आहे हे मला कळायचं. बरं वाटायचं.

अशाच एका दुपारी चार मागांचे मालक असलेले एक गृहस्थ आले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी बोलायचे. “मॅडम, म्हाताऱ्याचं क्रीम आठ दिवस लावलं. खाज हाय तशी हाय. कामगारांसमोर मांडी खाजवायची का मी? ते तीन औषधांचं द्या की. पुढच्या दुकानात मिळतंय, पण तुमच्याकडनंच घ्यायचं म्हणून आलो.”

त्या शेवटच्या वाक्याला मी भुलले. औषधं मागवायचं काम माझ्याकडेच होतं, मालकांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. मी एक खोकं मागवलं आणि खालच्या खणात बँडेजच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं. गुडघ्यांमुळे मालक त्या खणापर्यंत वाकायचे नाहीत. चिठ्ठीशिवाय देऊ नये असं ट्यूबवरच छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि दिली.

तिसऱ्या दिवशी मामा हात जोडून आले. खाज गेली होती. त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी ते एक ट्यूब न्यायचे. एका मांडीला एवढं औषध लागतं कसं, हे मी विचारायला हवं होतं. मालकांचे तिन्ही प्रश्न मला तोंडपाठ होते. मी एकही विचारला नाही.

मामांच्या घरी नातू झाला होता. आजी त्याला कडेवर घेऊन दुकानात यायची. सहा महिन्यांचं पोर, गाल एवढे वर आलेले की डोळे बारीक झालेले, कपाळावर काजळाची मोठी तीट. “बाळसं बघा की मॅडम, लई धरलंय,” आजी म्हणायची. मीही त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली होती. मालक मात्र खुर्चीतून त्या पोराकडे बराच वेळ बघत राहिले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, “दूध कसलं देताय? वजन केलंय का? लांबी मोजलीय का?” आजीनं पोराचं तोंड पदरानं झाकलं आणि तरातरा निघून गेली. मालक मला म्हणाले, “त्या पोराचं तोंड मला आवडलं न्हाई. तोंडच वाढलंय, पोर वाढलं न्हाई. त्यांना सांगा बाळांच्या डॉक्टरला दाखवायला.” मला राग आला होता. चांगल्या गुटगुटीत बाळाला नावं ठेवतात म्हणून. मी सांगितलं नाही.

मग एका सोमवारी, मालक जेवायला गेलेले असताना, त्या बाळाची आई आली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, मान खाली घालून बोलणारी. “मॅडम, हितं बघा की,” म्हणाली आणि पडद्यामागे जाऊन तिनं बाळाचा लंगोट सोडला. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. तिच्याखालच्या बारीक शिरा दिसत होत्या. मांड्यांवर जांभळट रेघा होत्या.

“लावलं की लाल जातंय, न लावलं की परत येतंय,” ती म्हणाली. “अत्तम्मा म्हणतेत, लंगोट बदलला की दर वेळी लाव.” अत्तम्मा म्हणजे तिची सासू. तिनं पिशवीतून ट्यूब काढून माझ्या हातात दिली. शेवटाकडून गुंडाळत आणलेली, माझ्याच खणातली.

“कधीपासून लावता?”

“तिसऱ्या महिन्यापासनं की. आता सातवा लागलाय.”

मग मी मालकांना शंभर वेळा करताना पाहिलं होतं तेच केलं. ट्यूब डब्यात टाकली आणि म्हणाले, “आजपासून बंद. एकदम बंद. मोकळं ठेवा, कोरडं ठेवा, आणि सवडीनं डॉक्टरला दाखवा.” ती निघाली तेव्हा मी आणखी एक वाक्य बोलले. “आमच्या मालकांना यातलं काही सांगू नका. ते चिडतात.” तिनं मान हलवली.

खालच्या खणातल्या उरलेल्या ट्यूब मी पर्समध्ये भरल्या आणि घरी जाताना कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी संध्याकाळी घरी मी गाणं गुणगुणत भाजी चिरली, हे मला चांगलं आठवतं. मला वाटलं, सुटले.

गुरुवारी अकराच्या सुमारास बाळाचा बाप धावत आला. मागावरून तसाच उठून आलेला, केसांत कापसाचे तंतू. “उलटीचं काहीतरी द्या की. पोरगं रात्रीपासनं दूध घेईना. सकाळपासनं तीनदा ओकलंय. हाक मारली तर डोळे उघडतंय आणि परत मिटतंय.”

मालक उठले. “ताप?”

“न्हाय. उलट गार लागतंय.”

“अंगाला काय लावताय त्याच्या?”

“काही न्हाय.”

“ह्याच्या आधी काय लावत होता?”

बापानं माझ्याकडे बघितलं. बायकोनं त्याला सांगितलं असणार. बाहेर माग खडखडत होते. माझ्या डोक्यावर भिंतीला माझंच रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र होतं. त्या क्षणी मी बाळाचा विचार करत होते असं म्हणायला मला फार आवडेल. मी त्या प्रमाणपत्राचा विचार करत होते. गप्प बसलं तर बाप उलटीचं औषध घेऊन जाईल आणि कदाचित पोर आपोआप बरंही होईल, असं माझ्या मनात आलं.

मालक माझ्याकडे वळले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “बाई, पोर सात महिन्यांचं हाय.”

मी सांगितलं. कोणती ट्यूब, कुठल्या खणात लपवली, कोणाला दिली, पोराला कशी पोचली. ते मधेच थांबवून नेमकं तेवढंच विचारत होते. दिवसातून किती वेळा. किती महिने. वर लंगोट घट्ट बांधलेला का. बंद कधी केली.

“सोमवारी.”

“हळूहळू?”

“एकदम. मीच सांगितलं.”

“शिवा,” त्यांनी फक्त देवाचं नाव घेतलं. मग कपाटाला कुलूप न लावताच त्यांनी शटर ओढलं. त्या माणसाला म्हणाले, “रिक्षा थांबवा. घरावरनं पोराला घेऊ आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. बाई, तुमी पण चला.”

रिक्षात मागे आई, मांडीवर बाळ, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मालक. बाप पुढे ड्रायव्हरजवळ. बाळाच्या मानेत जोर नव्हता, कपाळाला चिकट घाम होता. मालकांनी आपलं बोट त्याच्या तळहातात ठेवलं. पोरं बोट घट्ट धरतात, ह्यानं धरलं नाही. मालक बोट तसंच ठेवून मला सांगत होते, ओरडून, रिक्षाच्या आवाजावर. “बाळाची कातडी पातळ. वरनं लंगोट. औषध आत जात राहिलं, गाल त्यानंच सुजले. असलं औषध शरीर स्वतः थोडं थोडं बनवत असतं, रोज जगायला लागतं ते. बाहेरनं मिळतंय म्हटल्यावर ते बनवायचं बंद पडलं. आणि आता बाहेरचं पण आपण एकदम काढून घेतलं.” ते ‘आपण’ म्हणाले. मी डब्यात टाकलेली ती ट्यूब मला दिसत राहिली. मोठ्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात हे मी कॉलेजात लिहून पास झाले होते. बोटभर क्रीमनं तसंच होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

लहान मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. आई तिला म्हणाली, “उलटी करतंय.” मालकांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. “ह्यांना ठाऊक हाय. ह्या सांगतील.”

मी सांगितलं. ट्यूबमधल्या तिन्ही औषधांची नावं सांगितली, चार महिने, दिवसातून चार-पाच वेळा, सोमवारी दुपारपासून बंद. “चिठ्ठी नव्हती. मी दिली. बंदही मीच करायला लावली.” डॉक्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. मग तिथं पळापळ सुरू झाली. साखर तपासा, सुई लावा, सलाइन, इंजेक्शन. दार लागलं.

बाळाच्या आईनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. बाकावर माझ्या शेजारी बसली होती, ती उठून एक जागा सोडून बसली. आयुष्यात मला लोक पुष्कळ बोलले आहेत, पण तेवढं कशानंच लागलं नाही.

तासाभरानं मामा आले. आल्या आल्या त्यांनी मालकांची कॉलर धरली. “तुमच्या दुकानातनं गेलंय ते.”

“व्हय,” मालक म्हणाले. “माझ्याच दुकानातनं गेलंय.” त्यांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही.

“मामा, मी दिलं,” मी म्हणाले.

“तुला कोण विचारतंय? दुकान कोणाचं हाय?” पण त्यांचा हात सुटला. ते भिंतीला टेकले आणि खाली बसले. “मलाच गुण आला म्हणून मीच दिली की सुनेला. लंगोटाखाली लाल झालं होतं तर म्हटलं, ही लाव. घरात हाय की.” आणि एवढा मोठा माणूस गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

मालक दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. थोड्या वेळानं विचारलं, “घरात अजून कोण लावतंय ही?”

“सगळेच.”

“टॉवेल किती?”

मामांनी एक बोट वर केलं. मालकांनी खिशातून पेन काढलं आणि सलाइनच्या रिकाम्या खोक्याचा तुकडा फाडून त्यावर घरातल्या एकेकाचं विचारून लिहायला लागले, कोणाला कुठं आहे आणि कधीपासून लावतायत. मोठ्यांनी इथंच कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं, ते सांगतील तशी ट्यूब सोडायची, आपल्या मनानं काही नाही, असं बजावत होते. त्या दिवशी त्यांनी आम्हाला असं धरून ठेवलं नसतं तर आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघून वेडे झालो असतो.

दार दोनदा उघडलं. एकदा नर्स बाटली घेऊन गेली, एकदा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, “आत्ता काही सांगता येत नाही. पण काय झालंय ते वेळेवर कळलं, नाहीतर आम्ही जुलाब-उलटीचंच बघत बसलो असतो.” आई जागची हलली नाही. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. मालकांनी तोच ग्लास पुढे केला, तेव्हा घेतला.

साडेपाचच्या सुमाराला आतून रडणं आलं. आधी कुरकुर, मग चांगलं टाहो फोडून, भुकेलं. आई उठून दाराशी गेली. मालकांना ऐकू आलं नव्हतं. ते खोक्याच्या तुकड्याकडे बघत तसेच बसले होते. मी जाऊन त्यांच्या कानाशी म्हणाले, “मालक, रडतंय.”

“कुठं?” त्यांनी कानामागे हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मला तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी ठेवलं नाही, तो अधिकार मला नव्हता.

बाळ बारा दिवस दवाखान्यात राहिलं. तसलंच औषध त्याला मोजून तोंडानं दिलं आणि पुढे कितीतरी आठवडे थेंबाथेंबानं कमी करत नेलं. त्याचे गाल उतरले. पोर वाळलं म्हणून आजी गल्लीभर सांगत फिरली. डॉक्टर म्हणाली, आता कुठे ते आपल्या चेहऱ्यावर आलंय.

पण ते पुढचं. त्या गुरुवारनंतरच्या सकाळी मी दुकानात गेले ती ठरवूनच गेले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मालक माझ्या आधी आले होते. खालचा खण बाहेर काढून, स्टुलावर ठेवून, फडक्यानं आतून पुसत होते. मी दुकानाची माझ्याकडची किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र उतरवून द्या. मी जाते. तुम्ही तक्रार केली तरी माझं काही म्हणणं नाही.”

त्यांनी खण पुसणं थांबवलं नाही.

“मालक, मी काय म्हणतेय ते ऐकू येतंय का?”

“आलं ऐकू.” त्यांनी फडकं झटकलं, घडी घातली. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत माया नव्हती. राग होता, आणि तो पुढची चार वर्षं, दुकान बंद होईपर्यंत, तसाच राहिला. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत.

“तुमाला काढलं तर मला दुसरी आणावी लागंल,” ते म्हणाले. “आणि तिला हे कळायला अजून एक पोर लागंल. ती किल्ली उचला आणि उभ्या राहा काउंटरला.”

मी किल्ली उचलली.